३५ मिलिमीटरची अट

चित्रीकरणाच्या पहिल्याच चाचणीत मी एका विमानातल्या एकाच रांगेचे दोन शॉट घेतले होते. पहिला १८ मिलिमीटरच्या भिंगातून, मधल्या वाटेत गुडघे टेकून, रांगेच्या अगदी जवळून. दुसरा ८५ मिलिमीटरच्या भिंगातून, दहा-बारा रांगा मागे सरून. पहिल्या शॉटमध्ये केबिन एखाद्या लांबलचक दालनासारखी मोकळी दिसत होती आणि दुसऱ्यात माणसे एकमेकांच्या खांद्यांवर रचून ठेवल्यासारखी वाटत होती. विमान तेच होते, प्रवासी तेच होते आणि दोन शॉटमध्ये जेमतेम चार मिनिटांचे अंतर होते. संध्याकाळी दिग्दर्शिकेने दोन्ही शॉट काहीही न सांगता आमच्या संकलकाला दाखवले, तेव्हा पहिला कंपनीच्या जाहिरातीतला आणि दुसरा कंपनीविरुद्धच्या बातमीतला असणार, असे त्याने बेधडक सांगून टाकले.

कमी भाड्याच्या विमानप्रवासावर ५२ मिनिटांचा माहितीपट करायला आम्ही तिघे निघालो होतो आणि त्याचे छायालेखन माझ्याकडे होते. दिग्दर्शिका, ध्वनिमुद्रक आणि मी एवढाच आमचा पसारा होता. संकलक अर्थातच आपल्या खोलीत होता. त्या संध्याकाळपर्यंत माझी समजूत अशी होती की अरुंद जागा, भलते दिवे आणि इंजिनाचा आवाज हे या कामातले अवघड प्रश्न असतील. ते होतेच, पण आपण निवडलेले प्रत्येक भिंग या विषयावर आधीच निकाल देऊन मोकळे होते, हा प्रश्न त्या सगळ्यांच्या वर येऊन बसला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

दोन आसनांमधले अंतर, म्हणजे एका आसनावरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या आसनावरच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर, स्वस्त विमानांत बहुधा २८ ते २९ इंच असते आणि इतर कंपन्यांच्या साध्या वर्गात ते साधारण ३० ते ३२ इंच असते. फरक दोन-तीन इंचांचा आहे. हा फरक गुडघ्याला नेमका कळतो, पण कॅमेऱ्याला तो दाखवता येत नाही. कॅमेरा एकतर तो पुसून टाकतो किंवा दहापट करून दाखवतो. खरे तर यात दोष भिंगाचा नसतो. चित्रातल्या वस्तू एकमेकींपासून दूर वाटतात की एकमेकींना चिकटलेल्या वाटतात, हे कॅमेरा किती अंतरावर उभा आहे यावर ठरते. भिंग फक्त त्या अंतरावरून केवढा तुकडा उचलायचा ते ठरवते. पण केबिनमध्ये या बारकाव्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण जिथे उभे राहायला जागा आहे तिथूनच चित्र घ्यावे लागते आणि मग भिंगच सगळे ठरवू लागते.

दोन दिवस वाद घातल्यावर आम्ही एक अट घालून घेतली. विमानाच्या आत फक्त ३५ मिलिमीटरचे एकच भिंग वापरायचे, कॅमेरा बसलेल्या प्रवाशाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा आणि जिथे प्रवासी किंवा कर्मचारी असू शकतो तिथूनच चित्र घ्यायचे. म्हणजे सामानाच्या कप्प्यातून खाली पाहणारा किंवा आसनाखालून पावलांकडे पाहणारा कॅमेरा नको. यातून सत्य हाती लागेल असा आमचा दावा नव्हता. निदान सगळ्यांची मापे एकाच फूटपट्टीने घेतली जातील, एवढीच अपेक्षा होती.

परवानग्यांची हकीकत लांबवण्यात अर्थ नाही. विमान कंपनी, विमानतळ, सुरक्षा यंत्रणा आणि जमिनीवरची कामे सांभाळणारी कंत्राटदार संस्था अशा चार ठिकाणांहून चार वेगवेगळी पत्रे मिळवावी लागली आणि त्यांतल्या अटी एकमेकींशी जुळत नव्हत्या. सुरक्षा तपासणीची जागा, तिथली यंत्रे आणि पडदे चित्रात येऊ नयेत, ही अट मात्र चौघांचीही होती आणि ती योग्यच होती. प्रवाशांसाठी आम्ही गेटवर फलक लावला, उड्डाणापूर्वी उद्घोषणा करवली आणि ज्यांना चित्रात यायचे नव्हते त्यांच्या रांगांकडे कॅमेरा वळवायचाच नाही असे ठरवले. ज्यांच्याशी आम्ही बोललो त्यांच्याकडून बोलून झाल्यावर लेखी संमती घेतली, आधी नव्हे. आपण काय बोललो हे ठाऊक असताना दिलेली संमती अधिक पक्की असते, असा माझा अनुभव आहे.

छुप्या कॅमेऱ्याचा विषय निर्मात्यांकडून निघाला. स्वस्त विमानप्रवासात काहीतरी लपवलेले असणारच, तेव्हा कर्मचारी म्हणून एखाद्याला आत पाठवून शर्टाच्या गुंडीतल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करावे, अशी त्यांची सूचना होती. जिथे लोकांच्या जिवाशी खेळ चालला आहे आणि दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही, तिथे हे तंत्र समर्थनीय ठरते, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडे तसा कोणताही पुरावा नव्हता आणि अशा चित्रीकरणात अडकतो तो बहुतेक वेळा सर्वांत खालच्या पगाराचा माणूस, धोरण ठरवणारा नव्हे. माझा दुसरा आक्षेप निव्वळ छायालेखकाचा होता. छातीच्या उंचीवरून घेतलेले, तिरके, दाणेदार आणि अर्धवट झाकलेले चित्र पडद्यावर आले की आता गुन्हा दिसणार, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. अशा चित्रात एखादी हवाईसुंदरी नुसती पाण्याचा पेला पुढे करत असली तरी ती संशयित वाटते. १८ मिलिमीटरचे भिंग जर जाहिरातीची बाजू घेत असेल, तर गुंडीतला कॅमेरा खटला चालण्याआधीच शिक्षा ठोठावतो. शेवटी ती सूचना मागे घेतली गेली, माझ्या युक्तिवादामुळे की वकिलाच्या सल्ल्यामुळे, हे मी विचारले नाही.

आम्ही ज्या विषयावर माहितीपट करत होतो त्याच विषयाच्या नियमांत राहून आम्हाला प्रवास करायचा होता आणि त्याचा परिणाम साधनांवर झाला. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवता येत नाहीत, त्या जवळच बाळगाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही आणि त्यापुढे १६० पर्यंतच्या बॅटऱ्यांसाठी विमान कंपनीची संमती लागते, त्याही दोनच सुट्या नेता येतात. व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या कितीतरी बॅटऱ्या ९८ किंवा ९९ वॉट-तासांच्या का असतात, याचे उत्तर याच नियमात आहे. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवण्याचे काम ध्वनिमुद्रकाने अंगावर घेतले. तिपाई बाद झाली, कारण तिचे स्वतंत्र भाडे तिकिटापेक्षा जास्त भरत होते. गेटवरच्या लोखंडी मापपेटीत बॅग बसवताना मला एक भिंग बाहेर काढून गळ्यात अडकवावे लागले. दिग्दर्शिकेने तो प्रसंग आपल्या फोनवर टिपला आणि तो चित्रपटात घ्यावा की नाही यावर आमचा अर्धा दिवस गेला. तो घेतला नाही. आमची गैरसोय हा विषय नव्हता.

टर्मिनलमध्ये पहिली अडचण फलकांनी केली. उड्डाणांची माहिती देणारे एलईडी फलक डोळ्यांना स्थिर दिसतात, पण प्रत्यक्षात ते सतत उघडमीट करत असतात आणि शटरचा वेग त्यांच्याशी जुळला नाही तर चित्रात काळे पट्टे वर सरकत राहतात. ५० हर्ट्झ वीज असलेल्या ठिकाणी सेकंदाला २५ चौकटी आणि एक पन्नासांश सेकंदाचे शटर ही जोडी बहुतेक दिव्यांशी जमते. ६० हर्ट्झ असलेल्या ठिकाणी त्याच २५ चौकटींसाठी शटरचा कोन १८० वरून १५० अंशांवर आणला की शटर एक साठांश सेकंदाचे होते आणि दिवे शांत होतात. फलकांचे गणित मात्र याहून वेगळे असते. प्रत्येक फलकासमोर उभे राहून शटरचा वेग दशांशा-दशांशाने सरकवत पट्टे थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. विलंबाची सूचना झळकली की सगळ्या प्रवाशांच्या माना एकदम वर होतात, तो क्षण माझ्याकडून दोनदा निसटला, तो याच खटाटोपात.

केबिनच्या आत प्रकाशाचा प्रश्न उलटा होता. खिडकीबाहेर ढगांवर पडलेले ऊन आणि आतला चेहरा यांत इतका फरक असतो की एकाला सांभाळले की दुसरा जातो. दिवे लावायला मनाई होती आणि असती परवानगी तरी मी लावले नसते. विमान वळले की सूर्य डावीकडून उजवीकडे जातो आणि मग सावलीकडच्या बाजूला बसलेला प्रवासी समोरच्या पांढऱ्या आसनावरून उसळलेल्या मऊ प्रकाशात छान उजळतो, हे दोन-तीन उड्डाणांनंतर लक्षात आले. त्यानंतर मी वेळापत्रकावरून उड्डाणाची दिशा आणि सूर्याची जागा आदल्या रात्रीच मांडून ठेवू लागलो. खिडकीतून चित्र घेताना मी सवयीने ध्रुवीकरणाचा, म्हणजे चकाकी कमी करणारा, फिल्टर लावला आणि आकाशात इंद्रधनुषी डाग उमटले. विमानाची खिडकी ताण दिलेल्या अ‍ॅक्रिलिकची असते आणि तो ताण या फिल्टरमधून रंगांच्या रूपात दिसतो. पाठ्यपुस्तकात वाचलेली गोष्ट अशी ऐन कामाच्या वेळी आठवत नाही. फिल्टर काढला, भिंगाभोवती काळे कापड गुंडाळून ते खिडकीला टेकवले आणि स्वयंचलित फोकस बंद केला, कारण तो ढगांऐवजी खिडकीच्या आतल्या तावदानावरच्या ओरखड्यांवर जाऊन बसत होता.

आवाजाबद्दल ध्वनिमुद्रकानेच लिहायला हवे. मी फक्त त्याच्या दोन निर्णयांची नोंद करतो. बिनतारी मायक्रोफोन उड्डाणात वापरता येत नव्हते, म्हणून त्याने बोलणाऱ्याच्या खिशात राहतील अशी चिमुकली ध्वनिमुद्रण-यंत्रे दिली, ज्यांतून काहीही प्रक्षेपित होत नव्हते. आणि इंजिनाची घरघर पुसून काढायला त्याने ठाम नकार दिला. केबिनमध्ये साधारण ८० ते ८५ डेसिबलचा आवाज असतो, पंखांच्या मागे तो अधिक जाणवतो आणि माणसे त्यावरून मोठ्याने, तुटक वाक्यांत बोलतात. घरघर काढून टाकली तर ती माणसे विनाकारण ओरडत आहेत असे वाटेल, हे त्याचे म्हणणे संकलकालाही पटले.

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मोठी उपकरणे आवरून ठेवावी लागतात. त्यामुळे पहिल्यांदाच विमानात बसलेल्या एका वृद्ध प्रवाशाचा चेहरा, ज्यासाठी आम्ही ते उड्डाण निवडले होते, नेमका धावपट्टीवर माझ्या हातून गेला. नंतर, विमान वर स्थिर झाल्यावर, खिडकीबाहेर पाहतानाचा त्यांचा एक अप्रतिम शॉट मिळाला. संकलकाने तो उड्डाणाच्या क्षणाला जोडून पाहिला आणि तो इतका चपखल बसला की आम्ही सगळे गप्प झालो. १९२० च्या सुमाराला रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला होता आणि प्रेक्षकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या होत्या, ही गोष्ट चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. ती माहितीपटवाल्यांना धोक्याची सूचना म्हणून शिकवायला हवी. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तर बराच वेळ ढग पाहिल्यानंतर येणारा निवांतपणा होता. शेवटी उड्डाणाच्या प्रसंगात चित्र टर्मिनलच्या काचेतून दिसणाऱ्या धावपट्टीचे ठेवले आणि आवाज त्या वृद्धांच्या खिशातल्या यंत्राचा ठेवला: पट्टा घट्ट केल्याचा, श्वासाचा आणि मग त्यांच्या शेजारणीने हळूच काहीतरी विचारल्याचा.

माहितीपटाचा गाभा मात्र आकाशात नव्हताच, तो जमिनीवर होता. स्वस्त तिकिटाचे सगळे गणित विमान किती वेळ उभे राहते यावर उभे आहे. १९७१ साली उड्डाणे सुरू करणाऱ्या टेक्ससच्या साउथवेस्ट या विमान कंपनीवर दुसऱ्याच वर्षी चारपैकी एक विमान विकण्याची पाळी आली आणि चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांत बसवण्यासाठी तिथल्या लोकांनी दहा मिनिटांत विमान परत उडवण्याची पद्धत बसवली. आज दहा मिनिटे कोणी मागत नाही. आम्ही ज्या मार्गांवर फिरलो तिथे २५ मिनिटे मिळत होती. चाकांना अडसर लागल्यापासून ते अडसर काढेपर्यंतच्या या २५ मिनिटांत १८० च्या आसपास माणसे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही जिन्यांनी उतरतात, तेवढीच चढतात, इंधन भरले जाते, सामान उतरते आणि चढते, आणि केबिनची सफाई पुष्कळदा केबिन क्रूच करते. आसनाची पाठ मागे झुकत नाही आणि समोर कापडी कप्पा नसतो, याची प्रवाशांना वाटणारी कारणे काहीही असोत, सफाई करणाऱ्याला तिथे हात घालावा लागत नाही, हे मला झाडूच्या मागे कॅमेरा घेऊन चालल्यावर कळले.

हा प्रसंग टिपण्यासाठी आम्ही सहा कॅमेरे वापरले, त्यांतले चार मुठीएवढे. छोट्या कॅमेऱ्यांची घड्याळे अर्ध्या तासात एकमेकांपासून सरकतात आणि अ‍ॅप्रनवर, म्हणजे विमाने उभी करतात त्या मोकळ्या जागेत, टाळी वाजवून त्यांना जुळवणे अशक्य होते, कारण कान झाकल्याशिवाय तिथे कोणी उभेच राहत नाही. उपाय विमानाकडेच मिळाला. इंजिने बंद झाली की विमानाच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा लाल लुकलुकता दिवा बंद केला जातो. तो दिवा चालू असेपर्यंत कोणी जवळ जात नाही, म्हणून सगळ्यांचे डोळे त्यावरच असतात. त्याची शेवटची चमक बाहेरच्या पाचही कॅमेऱ्यांत सापडली आणि तीच आमची टाळी झाली. एका कॅमेऱ्यात ती चमक चौकटीच्या फक्त वरच्या अर्ध्या भागात उमटली होती, कारण त्याचा सेन्सर चित्र ओळी-ओळीने वाचतो आणि दिवा मध्येच विझला होता. संकलकाला ती अर्धी लाल चौकट फार आवडली. तो ती चित्रपटात ठेवायचा हट्ट धरून बसला होता.

अ‍ॅप्रनवरचे नियम पाळण्यात माझी एक चूक झाली. पिवळे जाकीट, कानांवरची आवरणे, इंधन भरण्याच्या जागेपासून लांब राहणे आणि फ्लॅश न वापरणे हे सगळे मी नीट पाळले, पण भिंगाचे झाकण खिशातून पडले. इंजिनात ओढला जाऊ शकेल असा कोणताही सुटा तुकडा तिथे धोका मानला जातो, मग तो स्क्रू असो की बाटलीचे बूच. पर्यवेक्षकाने ते झाकण उचलून माझ्यासमोर धरले आणि त्या दिवसाचे चित्रीकरण थांबवले. त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिथला अभियंता माझ्या अंगावरच्या वस्तू मोजून मला आत सोडू लागला आणि बाहेर येताना पुन्हा मोजू लागला. सात आत, सात बाहेर.

त्या २५ मिनिटांचा पहिला तुकडा आम्ही टाइमलॅप्सने केला होता. सेकंदाला एक चौकट घेतली की २५ मिनिटांच्या १५०० चौकटी होतात आणि सेकंदाला २५ चौकटींच्या गतीने त्या बरोबर एका मिनिटात संपतात. हिशेब देखणा होता आणि चित्रही देखणे होते: गाड्या येत होत्या, जिने लागत होते, माणसांचे ओहोळ बाहेर पडत होते आणि आत शिरत होते. तिसऱ्यांदा पाहिल्यावर ध्वनिमुद्रक म्हणाला, “यात कोणाला दम लागलेला दिसत नाही.” खरोखरच दिसत नव्हता. वेग वाढवला की कष्ट नाहीसे होतात आणि उरते ती यंत्राची शिस्त, म्हणजे पुन्हा जाहिरात. उलट तोच प्रसंग संथ गतीत दाखवला असता तर घामाचे थेंब दिसले असते आणि ती तक्रार झाली असती. भिंगाबाबत जे झाले होते तेच आता वेळेच्या बाबतीत होत होते. म्हणून केबिनमधली अट आम्ही इथेही लावली: गती बदलायची नाही. पण पूर्ण २५ मिनिटे ५२ मिनिटांच्या चित्रपटात मावत नव्हती. तेव्हा एकाच कामगाराबरोबर नऊ मिनिटे न तोडता राहायचे आणि बाकीची कामे त्याच्या भोवतीच्या आवाजांतून ऐकू येऊ द्यायची, असे ठरले.

तो कामगार सामानाच्या कप्प्यात काम करणारा होता. आम्ही घेतलेल्या विमानात तो कप्पा इतका बुटका होता की त्यात उभे राहणे सोडाच, नीट ओणवे होणेही जमत नव्हते. सगळे काम गुडघ्यांवर बसून चालते. पट्ट्यावरून आलेली बॅग ओढून घ्यायची, वळायचे, मागच्या भिंतीशी रचायची आणि पुन्हा वळायचे. जड बॅगेवर खुणेची पट्टी असते आणि ३२ किलोच्या वरची बॅग घेतली जात नाही, पण ३२ किलो गुडघ्यांवर बसून उचलणे म्हणजे काय, हे त्या पट्टीवर लिहिलेले नसते. विमानाला कॅमेरा चिकटवायला किंवा बांधायला परवानगी नव्हती, त्यामुळे मी दाराशेजारच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलो आणि कॅमेरा मांडीवर ठेवला. ३५ मिलिमीटरमधून त्याचा उजवा खांदा, बॅगांची वाढत जाणारी भिंत आणि डोक्यावरचे छत एवढेच येत होते. डावीकडून मध्येच कोणाचा तरी हात चौकटीत यायचा, तेव्हा मी कॅमेरा किंचित उजवीकडे सरकवून घ्यायचो, कारण चौकट त्या एका माणसाने भरलेली राहावी असे मला वाटत होते. नऊ मिनिटांत तो तीनदा थांबला. प्रत्येक वेळी त्याने हाताच्या उलट्या बाजूने कपाळ पुसले आणि एकदाही कॅमेऱ्याकडे पाहिले नाही. बाहेर येऊन सात वस्तू मोजून दिल्यावर मी दिग्दर्शिकेला सांगितले की आपला माहितीपट मिळाला.

भाड्याचे चित्र कसे दाखवायचे, यावर मात्र आमच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. एकाच उड्डाणातल्या शेजारच्या दोन आसनांची किंमत वेगवेगळी असते, मागणी आणि वेळ पाहून ती बदलते आणि मग बॅग, पसंतीचे आसन, आधी चढण्याचा हक्क अशा गोष्टींचे पैसे तिच्यात एकेक करून वाढत जातात. हे सगळे घडते ते पडद्यावर आणि पडद्याचे चित्र घेण्यात कॅमेऱ्याचा काहीच कस लागत नाही. आकडे नाचवणारे अ‍ॅनिमेशन आम्ही करून पाहिले आणि टाकून दिले. शेवटी एका प्रवासी बाईंच्या खांद्यामागून, त्या तिकीट काढत असताना, त्यांचे बोट पडद्यावर कुठे थबकते आणि कुठे पुढे सरकते एवढेच दाखवले. ते ठीक झाले, त्याहून अधिक काही म्हणता येणार नाही.

संकलनात मोह वारंवार आडवे आले. कंपनीचे अधिकारी मुलाखतीत वक्तशीरपणाबद्दल बोलत होते आणि त्यांच्या वाक्याला जोडून गेटवर ताटकळलेली रांग दाखवली की प्रेक्षक हमखास हसला असता. पण ती रांग दाट धुक्याच्या दिवसाची होती. आम्ही ती जोड काढली. हसू गेले आणि मुलाखत काहीशी कंटाळवाणी झाली, हे मी कबूल करतो.

कच्चा कट तयार झाल्यावर त्यात दिसणाऱ्या लोकांना तो दाखवायचा, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते. सामानाच्या कप्प्यातला तो कामगार आपली पाळी संपवून आला, मागच्या खुर्चीत बसला आणि ती नऊ मिनिटे त्याने एकटक पाहिली. आवाज अगदी बरोबर आहे, असे तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “पण माझ्याबरोबरचा तो दुसरा कुठे गेला?”

मी म्हटले, कुठला दुसरा.

“त्या दिवशी आत आम्ही दोघे होतो. एरवी या पाळीला मी एकटाच असतो. तुम्ही येणार म्हणून त्यांनी जास्तीचा माणूस दिला होता,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “तसं पाहिलं तर तुमचं चित्र खरंच आहे. रोजच्यासारखंच दिसतंय.”

त्या रात्री संकलक आणि मी कप्प्यातले सगळे मूळ चित्रीकरण पुन्हा पाहिले. डावीकडून येणारा तो हात पाच ठिकाणी सापडला आणि पाचही ठिकाणी चौकट उजवीकडे सरकताना दिसत होती. भिंग ३५ मिलिमीटरचेच होते, उंची ठरल्याप्रमाणे होती, गती बदललेली नव्हती. ठरवलेल्या प्रत्येक अटीत राहूनच मी एका माणसाला बाहेर ठेवले होते. दिग्दर्शिकेचे मत पडले की शॉट बदलायचा नाही, पण तो सुरू होताना पडद्यावर एक ओळ द्यायची. तिच्या शब्दांवर सकाळपर्यंत खल झाला आणि अखेर ती अशी ठरली: ‘चित्रीकरणाच्या दिवशी या कप्प्यात दोन कामगार होते, एरवी या पाळीला एक असतो.’ ती ओळ सहा सेकंद राहते आणि ती पुसली जाते तेव्हा पहिली बॅग पट्ट्यावरून आत येते.